चरवीची मोड

विश्रामबाग, सांगली
१६ जानेवारी २०२५

चि. जयराज यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, तेव्हा तो लिहिलाय असं समज. सोबत तिळगूळ पाठवते आहे. संक्रांत होऊन दोन दिवस झाले, म्हणजे तुझ्या हाती पडेपर्यंत गोड बोलायची मुदत संपलेली असेल. ते बरंच आहे.

कागदावर का लिहिते हे तुला ठाऊक आहे. माझा नंबर तू ब्लॉक केलास आणि मेलला उत्तर देत नाहीस. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याचा हा पत्ता आबांच्या डायरीतून गुपचूप उतरवून घेतला. त्यांना सांगू नकोस. सुभेदार म्हणून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी माहिती शत्रूच्या हाती लागू देत नाहीत, आणि तुझ्यामाझ्या भांडणात शत्रू मी आहे असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

एक जानेवारीला आपली नवी चरवी विकायला काढली. 'आपली' हे सवयीनं आलं. जुनी तुझी होती, प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ तू लिहिलेली. लिटर, फॅट, डिग्री घेऊन पावती छापायची आणि दहा दिवसांचं बिल काढायचं, एवढंच करायची, पण नऊ वर्षं एकाही दूध केंद्राचं तिने अडवलं नाही. नवी तेच सगळं करून शिवाय गवळ्याच्या मोबाईलवर पावती पाठवते आणि आता येणाऱ्या नव्या फॅट मशीनचे आकडे आपोआप उचलते. ती क्रांतीने लिहिली. क्रांती म्हणजे तुझ्या खुर्चीत बसणारी इंजिनिअर, तुझ्यापेक्षा वेळेवर येते.

किंमत अठरा हजार. आपली जुनी २१२ केंद्रं आहेत, त्यांनाही अठराच. तू म्हणशील, त्यांनी एकदा बारा-बारा हजार दिलेत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत हेच म्हणून तू ताटावरून उठला होतास. पण दोन वर्षं क्रांतीचा पगार मी देते आहे. मार्चअखेर निदान निम्मी, म्हणजे १०६ केंद्रं नवीवर आली नाहीत तर मला हे ऑफिस बंद करावं लागेल. आज सोळा तारीख आहे आणि आलेली आहेत नऊ.

परवा भिलवडीच्या आकारामचा फोन आला. त्याने नोव्हेंबरात जुनी घेतली होती. म्हणाला, "ताई, दोन म्हैन्यात नवी येनार ही तुमाला ठावं हुतं. मला जुनी का गळ्यात मारली?" आकाराम हिशेबाला भोळा माणूस. हे वाक्य त्याचं नाही, कोणीतरी शिकवलेलं आहे. कोणी, ते मी विचारत नाही. तू मनात समजून घे.

आणखी एक. आईची पितळी चरवी फडताळात नाही. जिच्यावरून आपण कंपनीचं नाव ठेवलं तीच. तू गेलास त्या दिवसापासून ती दिसत नाही. ऑफिसचं कुलूप मी त्याच संध्याकाळी बदललं होतं, ते सुरक्षेसाठी, तुझ्यावर राग म्हणून नाही. घराचं बदलायचं सुचलं नाही, ही माझी चूक.

संयोगिता

विश्रामबाग, सांगली
८ फेब्रुवारी २०२५

चि. जयराज,

उत्तर नाही. तिळगुळाची पोचसुद्धा नाही. असो.

तुझ्या माणसांचं कौतुक ऐक. अठरा म्हटलं तर म्हणाले, आमी जुनी माणसं, आमाला बी परक्याचाच भाव? मी निमूटपणे जुन्यांसाठी नऊ हजार केले. तर म्हणाले, एका आठवड्यात निम्म्यावर आली, म्हणजे आधी दुप्पट लावली होती. ज्यांनी अठरा भरले होते ते नऊजण वेगळे फोन करायला लागले. शेवटी म्हटलं, महिनाभर फुकट वापरा, मग ठरवा. त्यावर तर कोणी फिरकलंच नाही. फुकट देते म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं पलूसच्या एका चेअरमनने माझ्या तोंडावर सांगितलं. महाग दिलं तर लुटारू, स्वस्त दिलं तर लबाड, फुकट दिलं तर काळंबेरं. दुकान मांडून बसलेल्या बाईने करावं तरी काय?

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. एक तारखेपासून जुन्या चरवीत पडद्यावर लाल पट्टी यायला लागली आहे. 'ही आवृत्ती ३१ मार्चनंतर बंद होईल. नवीन आवृत्ती घ्यावी.' सकाळचं दूध घालायला रांग लागलेली असते आणि मशीन सुरू केलं की आधी ही पट्टी. लोक घाबरले आहेत. घाबरून का होईना, आठवड्यात अठ्ठेचाळीस केंद्रांनी नऊ हजार भरले. एकूण सत्तावन्न झाली.

पट्टी आली कुठून? जुना प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तुझा. त्यात तू काय काय दडवून ठेवलंस हे मला कसं कळणार? लोक विचारतात तेव्हा मी सांगते, जयराज सोडून गेला, जाताना काय करून ठेवलंय त्यालाच माहीत. तू फोन घेत नाहीस, तेव्हा खुलासा करण्याचा प्रश्नच येत नाही.

क्रांती आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलते. डबाही तिच्या टेबलावर एकटीच खाते. तिच्या घरचं काही असेल.

ता.क. आईच्या चरवीचं विचारलं होतं.

संयोगिता

विश्रामबाग, सांगली
३ मार्च २०२५

जयराज,

आता मात्र हद्द झाली.

गेल्या तीन आठवड्यांत एक्केचाळीस केंद्रांवरून लाल पट्टी नाहीशी झाली आहे. त्यांनी नवी घेतली नाही, कोणाला फोन केला नाही, पट्टी आपोआप गेली. आणि पट्टी गेल्यापासून त्या बाजूचा एकही माणूस नऊ हजार भरायला तयार नाही. सत्तावन्नाची एकसष्ट झाली आणि गाडी तिथेच रुतली.

मी भिंतीवर नकाशा लावून टाचण्या मारल्या. हसू नकोस. सगळी केंद्रं पलूस तालुक्यातली, एका रस्त्यावरची. पट्टी गेल्याचं कळतं ते नेहमी सोमवारी. म्हणजे काम रविवारी होतं. दोन गावांत विचारलं तर लोक हवापाण्यावर बोलायला लागले. तिसऱ्या गावात एक म्हातारा म्हणाला, एक मोटरसायकलवाला येतो, लय गुणाचा पोरगा हाय. नंबर विचारला तर त्याला एवढंच आठवत होतं की पाटीवर एमएच अकरा आहे. अकरा म्हणजे सातारा, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल.

तेव्हा आता चोराच्या मनात चांदणं पडू दे. नोकरी तिकडे करायची आणि रविवारी अडीच-तीन तास गाडी हाणून माझी गिऱ्हाइकं फोडायची, यासाठी तुला कोणी पैसे देतं का? तुझ्या त्या कंपनीचा दूध केंद्रांच्या धंद्यात उतरायचा विचार आहे का? असेल तर तोंडावर सांग. आईच्या मागे आपण दोघं एका रिक्षेत कॉम्प्युटर मांडीवर घेऊन गावोगाव फिरलो, ते तूही विसरला नसशील.

आणि एक मला खरंच समजत नाही. पट्टी काढायची तर ती आत कुठून येते हे आधी माहीत पाहिजे. ती दरपत्रकाबरोबर जाते. दर दहा दिवसांनी ऑफिसमधून केंद्रांना दुधाचे नवे दर जातात त्यातच ती गुंडाळलेली असते, हे तुला कोणी सांगितलं? क्रांतीने?

वरचं वाक्य लिहून गेले. शाईचं पेन आहे, खोडलं तर डाग दिसेल. राहू दे.

संयोगिता

विश्रामबाग, सांगली
१६ मार्च २०२५

प्रिय जयराज,

काल संध्याकाळी मी आमणापूरला बनाबाईंच्या केंद्रावर गेले होते. तुला पकडायला. तू शनिवारी रात्रीच मुक्कामाला येत असशील असा माझा तर्क होता. क्रांतीला न सांगता, गाडी लांब लावून गेले. बहिणीने भावाला पकडायला असं जायचं म्हणजे काय वेळ आली म्हणायची, हे मला तिथपर्यंत पोहोचेस्तोवर वाटलंसुद्धा नाही.

बनाबाई तुला माहीतच आहेत. आपलं पहिलं गिऱ्हाईक. नवरा गेल्यावर केंद्र बंद पडू न देता त्यांनी एकटीने चालवलं, आणि आपली पहिली चरवी अर्धी मोडकी असताना घेतली. संध्याकाळचं दूध चालू होतं. मशीनवर पट्टी नव्हती. मी एका बाजूला बसून राहिले. आणि पाण्याच्या पिंपाशेजारच्या फळीवर मला आईची चरवी दिसली.

लांबून ओळखली. काठाला तू लहानपणी पाडून आणलेला पोचा आहे ना, त्यावरून. जवळ जाऊन फिरवून पाहिली तर ठिपक्यांनी कोरलेलं 'सौ. विनोदिनी हं.' तसंच आहे. झाकण काढलं तर आत काठोकाठ जोंधळे.

मला वाटलं आता मुद्देमालासकट सापडलास. बनाबाईंना मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी दुधाची रांग संपू दिली, हात धुतले, मला चहा दिला आणि मग सांगितलं. तू पैसे घेत नाहीस. पट्टी काढलीस की ज्याच्या घरी जे असेल ते एक चरवी भरून घेतोस, शेंगा, जोंधळे, हरभरा. बनाबाईंची मळणी तेव्हा व्हायची होती, म्हणून चरवी ठेवून गेलास. पाडव्याला न्यायला येतो म्हणालास.

मी विचारलं, पट्टी कोणी लावली म्हणून सांगितलं त्याने?

बाईंनी माझा रिकामा कप विसळून ठेवला. मग म्हणाल्या, "म्हनाला, माझ्याच हातनं जुनी चूक ऱ्हायली हुती, ताईला बोल लावू नगासा. समद्या गावात ह्येच सांगतोय. पन ताई, दूध नासल्यालं आमी वासानं वळखतो."

जयराज, पट्टी मी लावली. तुला ते पहिल्या रविवारीच कळलं असणार, पण माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं म्हणून लिहिते. वाक्य माझं. क्रांती नको म्हणत होती, मी तिला नोकरीची आठवण करून दिली. एकतीस मार्चला काहीही बंद होणार नव्हतं. तुझी जुनी चरवी आणखी दहा वर्षं चालेल, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. लोक घाबरावेत म्हणून लिहिलं, आणि घाबरले की तुझं नाव पुढे केलं. मी गावभर तुला चोर ठरवत होते, आणि तू त्याच गावांत माझी चोरी स्वतःच्या अंगावर घेत हिंडत होतास. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला दोन महिने सगळीकडे चोर दिसत होते ते उगाच नाही.

आकारामला तू शिकवलंस असं लिहिलं होतं. तो काल तिथेच होता, रेडकू बघायला आलेला. मी विचारल्यावर हसला. म्हणाला, "नोव्हेंबरनंतर जानेवारी येतोय, ही मला कुनी सांगाय लागतंय व्हय?"

निघताना मी बनाबाईंना खरं ते विचारलं. धंदा बंद पडेल, मी किती घेऊ? मला वाटलं म्हणतील फुकट द्या. त्या म्हणाल्या, "फुकट कशाला? भांडीवाला बी जुन्या पितळंची मोड धरतोय, ताई. जुनं वजन वजा करून वरचं पैसं घेतो. तुमी आमच्या जुन्या चरवीची मोड किती धरली?"

मी काहीच धरली नव्हती. अठरा म्हणताना नाही आणि नऊ म्हणतानाही नाही. नऊ हा आकडा मी नुसता निम्मा करून काढला होता, त्यात त्यांनी आधी काय दिलंय याचा विचारच नव्हता, म्हणून तो त्यांना खोटा वाटला. तू दिवाळीत ताटावरून उठताना हेच सांगत होतास, फक्त ओरडून. मीही ओरडत होते, त्यामुळे ऐकू आलं नाही.

चरवी मी तिथेच ठेवून आले.

तुझी ताई

बनाबाईंचं केंद्र, आमणापूर
३० मार्च २०२५, पाडवा, सकाळचं दूध

प्रिय जयराज,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी वाट पाहत होते, पण रागावण्याचा हक्क आता तुझा आहे. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. चरवीत जोंधळ्यांवर ठेवते आहे. झाकण काढलंस की मिळेल.

काय केलं ते सांगते. २१२ केंद्रांना एकेक कार्ड पाठवलं. लाल पट्टी मी लावली होती, ती खोटी होती, जयराजचा तिच्याशी संबंध नाही. जुनी चरवी चालत राहील, बिघडली तर दुरुस्ती पहिल्यासारखीच. ज्याला नवी हवी त्याने जुनीच्या बारा हजारांची मोड धरून वरचे सहा द्यावेत. ज्याने वर्षाच्या आत जुनी घेतली त्याला नवी तशीच, फुकट. आधी अठरा आणि नऊ भरलेल्यांचे जास्तीचे पैसे परत केले. त्यासाठी विश्रामबागचं ऑफिस सोडावं लागलं. उद्यापासून टेबलं घरी पुढच्या खोलीत येतील. आबांनी स्वतःची खाट मागे नेली. तुझा पत्ता मी डायरीतून घेतला हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. डायरी त्यांनीच उघडी ठेवली होती.

कार्डावर क्रांतीचंही नाव घालते, पट्टीला ती नको म्हणत होती असं लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, माझं नाव नको, पण डबा आजपासून एकत्र खाऊ.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. चौदा केंद्रांनी तुमचं तोंड बघायचं नाही असं कळवलं आणि दुसरीकडे गेली. पलूसच्या त्या चेअरमनने कार्ड भिंतीला लावलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतो. १०६ हवी होती, काल संध्याकाळपर्यंत ९८ झाली. खर्च कमी झालाय, तेवढ्यावर चालेल. पण यावेळी सहा हजार देताना कोणी भाव केला नाही. आकारामला नवी फुकट दिली तर त्याने रागाने शेंगांचं पोतं आणून टाकलं, रिकाम्या हाताने घेणार नाही म्हणाला.

तू बोलायला लागशील का मला माहीत नाही. पण दोन वर्षं घरात तुझा आवाज नाही, आणि मला तो फार हवासा वाटतो. तू माझ्यावर वैतागून का होईना, पण बोल. निम्मी कंपनी तुझीच आहे, पुढच्या खोलीच्या कुलपाची दुसरी किल्ली चरवीत तळाशी आहे. जोंधळे ओतशील तेव्हा हरवू नकोस.

बनाबाई म्हणतात, तू कायम घाईत असतोस, चरवी उचलतोस आणि गाडीला किक मारतोस. आज तसं करू नकोस. आज त्यांच्याकडे पाडव्याची पोळी आहे, म्हणून पावत्या फाडायला त्यांनी दुसरीला बसवलंय. हे वाचून झालं की मागे वळून काट्याकडे बघ. डोक्यावरून पदर घेऊन मान खाली घालून बसलेली ती बाई मी आहे.

ताई